चालणे रोजच्या कामांत परत यायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक पानांवर चालण्याचे महत्त्व सांगणारा मजकूर वरचेवर प्रसिद्ध होतो आणि तो मी आस्थेने वाचते. त्यातील सल्ला बहुतेक वेळा योग्यच असतो. मात्र त्यातून चालण्याचे जे रूप वाचकांपुढे उभे राहते ते जवळजवळ नेहमी एकाच प्रकारचे असते. पहाटे उठावे, खास बूट घालावेत, बागेत किंवा मैदानावर जाऊन ठरावीक वेगाने फेऱ्या माराव्यात आणि घरी परतावे. ज्यांना हे जमते त्यांनी ते अवश्य करावे. परंतु फिजिओथेरपिस्ट म्हणून अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे असे स्पष्ट मत झाले आहे की, चालण्याला निव्वळ व्यायामाच्या खात्यात टाकल्यामुळेच ते बहुसंख्य लोकांच्या हातून निसटले आहे. व्यायामासाठी दिवसातून वेगळा वेळ काढावा लागतो आणि घरात आजारपण आले, मुलांच्या परीक्षा आल्या किंवा कामाचा ताण वाढला की सर्वांत आधी गदा येते ती या वेगळ्या काढलेल्या वेळेवर. याउलट, कामासाठी केलेले चालणे ते काम असेपर्यंत सुटत नाही. म्हणून लोकांनी अधिक चालावे असे खरोखर वाटत असेल, तर 'फिरायला जा' एवढे सांगून भागणार नाही. जी कामे आपण रोज करतोच, त्यांतली जवळची कामे पुन्हा पायी व्हावीत असा आग्रह धरावा लागेल. याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

शारीरिक हालचाल आणि हृदयरोग यांचा संबंध ठळकपणे पुढे आला तोही व्यायाम करणाऱ्यांच्या अभ्यासातून नव्हे. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या बस कर्मचाऱ्यांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुमजली बसचा चालक पाळीभर आसनावर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी सतत हिंडत असे आणि दिवसभरात शेकडो पायऱ्या चढत असे. दोघांचे कामाचे ठिकाण एकच, मालकही तोच. तरीही हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले आणि ज्या वाहकांना तो झाला त्यांच्यात तो तुलनेने कमी जीवघेणा ठरला. पत्रे वाटत फिरणारे पोस्टमन आणि टपालखात्यात बसून काम करणारे कर्मचारी यांच्यातही तसाच फरक दिसला. मॉरिस यांची सचोटी अशी की, पुढे त्यांनीच या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली आणि तरुण चालकही त्याच वयाच्या वाहकांपेक्षा कमरेने जाड असत हे १९५६ मध्ये नोंदवले. म्हणजे सगळा फरक केवळ कामामुळे पडला असे म्हणता येणार नाही, हे त्यांनी उघडपणे मांडले. त्यानंतरच्या अनेक दशकांतील संशोधनाने मूळ मुद्दा मात्र भक्कमच केला आहे. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या वाहकांपैकी कोणीही आरोग्यासाठी पायऱ्या चढत नव्हते. ते आपली नोकरी करत होते.

याच गोष्टीची उलटी बाजू दाखवणारा एक प्रयोग डेन्मार्कमध्ये झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. रोज सरासरी दहा हजारांहून अधिक पावले चालणाऱ्या निरोगी तरुणांना दोन आठवडे आपले चालणे दीड हजार पावलांच्या खाली आणण्यास सांगितले गेले. त्यांना अंथरुणावर पडून राहायचे नव्हते, आजारी असल्यासारखे वागायचे नव्हते. फक्त पायी हिंडणेफिरणे कमी करायचे होते. दोन आठवड्यांतच त्यांच्या शरीराची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता घटली, दम कमी झाला आणि पायांतील स्नायूंचे वजनही उतरले. प्रयोग म्हणून जे त्या तरुणांना मुद्दाम करायला लावले, ते आज असंख्य लोकांचे रोजचे जगणे आहे. आणि ते दोन आठवड्यांनी संपत नाही.

आता पावलांच्या आकड्याविषयी. दहा हजार पावले हा आकडा मनगटावरच्या घड्याळांनी आणि फोनने घरोघरी पोहोचवला आहे, पण तो कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊल-मोजणी यंत्राच्या नावातून तो लोकांच्या तोंडी बसला. आकडा वाईट आहे असे मी म्हणत नाही. धडधाकट माणसाने तेवढे चालावे हे चांगलेच. मात्र जे आज दोन-अडीच हजार पावले चालतात, त्यांना तो इतका दूर वाटतो की ते सुरुवातच करत नाहीत. डॉ. आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अशा लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या पावलांची त्यात यंत्राने मोजणी झाली. रोज साधारण २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर हा लाभ वाढेनासा झाला. २०२२ मध्ये पंधरा अभ्यासांतील सुमारे ४७ हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा साठीच्या पुढे सहा ते आठ हजार आणि साठीच्या आत आठ ते दहा हजार पावलांच्या आसपास लाभ स्थिरावतो, असे दिसले. जे मुळातच प्रकृतीने बरे असतात ते जास्त चालतात, हा आक्षेप अशा निरीक्षणांवर घेता येतो आणि संशोधकांनीही तो विचारात घेतलेला आहे. तरीही २,७०० आणि ४,४०० यांतले अंतर किती, ते वाचकांनी स्वतः मोजून पाहावे. सतराशे पावले. अर्ध्या किलोमीटरवरचे एखादे काम पायी जाऊन करून आले की त्यातली बहुतेक भरतात.

अशा छोट्या छोट्या चालण्याचा काही उपयोग होतो का, अशी शंका माझ्याकडे येणारे रुग्ण नेहमी विचारत असत. पूर्वी तिला आधारही होता, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत एका वेळी किमान दहा मिनिटे हालचाल झाली तरच ती धरावी, असे म्हटले होते. २०२० च्या सुधारित शिफारशींतून ही अट काढून टाकण्यात आली. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, हे मूळ प्रमाण कायम आहे. परंतु ती मिनिटे तुकड्या-तुकड्यांनी जमली तरी चालतात. बसथांब्यापर्यंतची पाच मिनिटे, जिन्याचे दोन मजले, औषधांच्या दुकानापर्यंतची सात मिनिटे, हे सगळे त्यात धरायचे. जेवणानंतरच्या चालण्याचे तर वेगळेच महत्त्व आहे. चालताना पायांचे मोठे स्नायू आकुंचन पावत असतात आणि असा काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर आत ओढून घेऊ शकतो. साखर वाढण्याचा धोका असलेल्या साठीपुढील व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभराची साखर आटोक्यात ठेवण्यासाठी तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे हे एका दमात पंचेचाळीस मिनिटे चालण्याइतकेच उपयोगी ठरले आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर उतरवण्यात ते अधिक सरस ठरले. अभ्यास लहान होता, हे खरे. पण त्याचा निष्कर्ष शरीराच्या ज्ञात कार्यपद्धतीशी जुळणारा आहे. तेव्हा संध्याकाळच्या बाहेरच्या कामांपैकी जे काम जेवणानंतर उरकता येईल ते तेव्हा आणि पायी उरकावे, असे मी आवर्जून सुचवीन.

यावर पहिली सबब येते ती वेळेची, आणि ती नीट तपासून पाहायला हवी. चारशे मीटरवरच्या दुकानातून औषध आणायचे आहे, असे समजू. साध्या चालीने, म्हणजे ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने, तेथे पोहोचायला पाच मिनिटे लागतात. दुचाकीने जायचे तर किल्ली शोधायची, हेल्मेट घ्यायचे, खाली उतरून दाटीवाटीने लावलेल्या गाड्यांतून आपली गाडी मागे ओढून काढायची, रस्त्यावर येऊन वळसा घ्यायचा, दुकानापाशी जागा दिसत नाही म्हणून पुढे जाऊन परत फिरायचे, कुणाच्या तरी दारासमोर गाडी उभी करून आपण लवकर येतो असे सांगायचे आणि औषध घेऊन हाच क्रम उलटा करायचा. एवढे सगळे करून वाचतात ती फार तर दोन-चार मिनिटे, आणि बहुधा तीही नाहीत. शिवाय थंड इंजिन पहिल्या काही मिनिटांत इंधन अधिक जाळते आणि त्याचा धूर स्वच्छ करणारी यंत्रणा गरम होईपर्यंत नीट काम करत नाही. त्यामुळे सर्वांत छोटी फेरी ही अंतराच्या हिशेबाने सर्वांत प्रदूषणकारी असते. एक किलोमीटरला साध्या चालीने बारा मिनिटे लागतात. म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे: अंगात ताप नसेल, हातात जड ओझे नसेल आणि वेळ अगदी गळ्याशी आलेली नसेल, तर एक किलोमीटरच्या आतील काम पायीच करायचे, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून टाकावे. प्रत्येक वेळी नव्याने विचार करायचा म्हटले की मन हमखास गाडीच्या बाजूने कौल देते. एकदा ठरवून टाकले की तो प्रश्नच उरत नाही. जेथे अंतर जास्त आहे तेथे एक थांबा आधी उतरावे, किंवा गाडी दूरच्या मोकळ्या जागेत लावून उरलेले अंतर चालावे.

वेगाविषयी फार चिंता करण्याचे कारण नाही. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत वेग पुरेसा असतो; मिनिटाला साधारण शंभर पावले म्हणजे मध्यम श्रम, असा ढोबळ हिशेब आहे. केवळ चालल्याने झपाट्याने वजन उतरेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण ती पुरी झाली नाही की लोक चालणेच सोडून देतात. रक्तदाब, साखर, झोप, मनाचा उत्साह, तोल आणि पायांतील बळ यांवर होणारे चालण्याचे परिणाम वजनकाट्यावर दिसत नाहीत. गुडघे झिजतील ही भीती तर मी आयुष्यभर ऐकत आले. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो; सांध्यावर भार पडणे आणि तो सुटणे यांमुळे आतल्या द्रवाची ये-जा होते आणि त्यातूनच तिचे पोषण होते. त्यामुळे माफक चालणे हे गुडघ्याचे शत्रू नव्हे, आणि संधिवात असलेल्यांनाही बहुधा चालण्याचाच सल्ला दिला जातो. पायांच्या रोहिण्या (रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या) अरुंद झाल्यामुळे चालताना पोटऱ्या दुखणाऱ्यांसाठी तर देखरेखीखालील चालणे हा एक मान्यताप्राप्त उपचार आहे: दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे आणि पुन्हा चालायचे. मात्र चालताना छातीत दाटून येत असेल, चक्कर येत असेल किंवा एकाएकी धाप लागू लागली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी रोज आपले तळवे पाहावेत, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला बूट लागल्याचे कळत नाही.

या पत्रात मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे ते घरातील वडीलधाऱ्यांविषयी. रुग्णाला घेऊन आलेले मुलगे, सुना, मुली, जावई मला मोठ्या अभिमानाने सांगत की, 'आम्ही बाबांना काही करू देत नाही, सगळे हातात आणून देतो.' त्या बोलण्यातील प्रेम खरे असे. परंतु बाबांची पोटरी हाताने चाचपून पाहिली की ती सैल लागे, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागत आणि वळताना पाऊल उचलण्याऐवजी फरफटत येई. कोणे एके काळी वर्तमानपत्र आणायला, विजेचे बिल भरायला, वाचनालयात पुस्तक बदलायला हेच बाबा रोज बाहेर पडत होते. मग कोणी तरी म्हणाले, 'तुम्ही बसा, मी आणतो.' बिल फोनवरून भरले जाऊ लागले, वस्तू दारात येऊ लागल्या, पुस्तक नातवाने बदलून आणले. एकेक काम प्रेमापोटी काढून घेतले गेले आणि प्रत्येक कामाबरोबर त्यांचे तेवढे चालणेही गेले, वाटेत भेटणारी चार माणसेही गेली. वय झालेल्या शरीराला बसून राहणे किती महागात पडते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले: निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील मांसल भाग सरासरी सुमारे एक किलोने घटला. रोजची कामे काढून घेणे म्हणजे अंथरुणावर ठेवणे नव्हे, हे मला मान्य आहे. पण दिशा तीच आहे आणि तो काळ दहा दिवसांचा नसून वर्षांचा असतो. म्हणून माझी सर्व कुटुंबांना विनंती आहे की, आईवडिलांना मदत करायची असेल तर त्यांचे काम हिसकावून घेऊ नका, त्यांच्याबरोबर जा. पिशवीतले जड सामान तुम्ही उचला, रस्ता ओलांडताना हात द्या, त्यांच्या चालीने चाला. काठी लागत असेल तर ती योग्य उंचीची आहे ना, हे पाहून द्या. जे काम त्यांना अजून जमते, ते त्यांच्याकडेच राहू द्या.

वडीलधाऱ्यांइतकेच मुलांच्या बाबतीतही हे खरे आहे. जगभरातील किशोरवयीन मुलांपैकी ८१ टक्के मुले आवश्यक तेवढी हालचाल करत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो. प्रौढांमध्ये हे प्रमाण २०२२ साली सुमारे ३१ टक्के, म्हणजे जवळपास १८० कोटी माणसे इतके होते. शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असूनही मुलांना गाडीने सोडणारे पालक कारण सांगतात ते रस्त्यावरच्या वाहनांचे, आणि शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी जी कोंडी होते ती याच पालकांच्या वाहनांची असते. हे चक्र एकेकट्याने मोडता येत नाही. एकाच वाटेने जाणाऱ्या आठ-दहा मुलांना आळीपाळीने एक-दोन पालकांनी चालत नेण्याची पद्धत अनेक देशांत रुळली आहे आणि त्यासाठी खर्च असा काही नाही. रस्ता कसा पाहावा, वळणाऱ्या गाडीचा अंदाज कसा घ्यावा, हे मूल मोठ्या माणसाचा हात धरून चालतानाच शिकते. गाडीच्या मागच्या आसनावर बसून ते शिकता येत नाही.

लोकांना चालायला सांगायचे आणि ते ज्या रस्त्यांवर चालणार त्यांविषयी गप्प राहायचे, हे अन्यायाचे होईल. रस्ते अपघातांत जगभर दरवर्षी सुमारे १२ लाख माणसे जातात आणि त्यांत एक-पंचमांशाहून अधिक पादचारी असतात. वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच जेथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तेथे वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंतच असावा, असे रस्ते सुरक्षेविषयीच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. पादचाऱ्यांसाठीच्या सिग्नलचे उदाहरण घ्या. अनेक देशांत हिरव्या दिव्याची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे गृहीत धरतात. बारा मीटर रुंदीच्या रस्त्याला या हिशेबाने दहा सेकंद मिळतात. सत्तरी ओलांडलेली, काठी घेऊन सेकंदाला ०.८ मीटर चालणारी बाई तेवढ्या वेळात आठ मीटर जाते, आणि उरलेले चार मीटर तिला सुटलेल्या गाड्यांसमोरून काढावे लागतात. ही कल्पित अडचण नाही. पासष्ट वर्षांवरील बहुतेकांचा वेग या गृहीतकापेक्षा कमी असल्याचे इंग्लंडमधील माहितीच्या आधारे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. अशा चौकातून एकदा जीव मुठीत धरून गेलेली व्यक्ती पुन्हा पायी बाहेर पडायला धजत नाही, आणि आपण तिला आळशी म्हणून मोकळे होतो.

पदपथाचेही तेच आहे. त्याची उंची एवढी असते की गुडघा दुखणाऱ्याने वर चढावे कसे आणि पुन्हा उतरावे कसे; मध्येच विजेची पेटी, पुढे उभी केलेली दुचाकी, त्यापुढे निखळलेली फरशी. पदपथ आहे म्हणून कागदोपत्री नोंद होते, पण माणूस चालतो रस्त्याच्या कडेनेच. सलग सपाट पदपथ, दर दोन-तीनशे मीटरवर टेकायला एखादे बाकडे, सावली, पुरेसा उजेड आणि स्वच्छ स्वच्छतागृह या गोष्टी शोभेसाठी नसतात. वयस्कर माणसांचे, गरोदर स्त्रियांचे आणि लहान मुलांना घेऊन निघालेल्यांचे बाहेर पडणे त्यांवरच अवलंबून असते. अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील तीन रस्त्यांची पाहणी केली, तेव्हा कमी रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र असल्याचे आढळले, तर मोठ्या रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना एकही पुरता नव्हता. जेथे चालणे सुखाचे असते तेथे माणसे दारापुढे थांबतात, बोलतात, एकमेकांची चौकशी करतात. स्थानिक प्रशासनाने रस्त्याची रुंदी ठरवताना वाहनांची संख्या मोजावी तशीच पायी जाणाऱ्यांचीही मोजावी, ही मागणी म्हणूनच आरोग्याची मागणी आहे. मात्र रस्ते सुधारतील तेव्हा चालू, असे म्हणून थांबणेही मला योग्य वाटत नाही. ज्या रस्त्यावर कोणी चालताना दिसतच नाही, त्या रस्त्यावर पादचाऱ्यांची सोय करण्याची निकड कोणत्याही प्रशासनाला वाटत नाही.

आणखी एक अडसर आहे आणि तो आपल्या मनांत आहे. पायी जाणारा माणूस दिसला की गाडी थांबवून 'चला, सोडतो' म्हणणे हा जिव्हाळा असतो, यात शंका नाही; पण त्यामागे, चालणाऱ्याची काही तरी अडचण असली पाहिजे, हे गृहीतही असते. कार्यालयात चालत येणाऱ्याला गाडी बिघडली का, असे विचारले जाते. संस्थांनी आपल्या जिन्याकडे लक्ष दिले तरी पुष्कळ फरक पडेल. बहुतेक इमारतींत लिफ्ट दर्शनी भागात झगमगत असते आणि जिना कोपऱ्यातल्या बंद दारामागे, अंधारात, जुने फर्निचर ठेवायची जागा म्हणून उरतो. तो मोकळा करून तेथे दिवा लावला, दार उघडे ठेवले आणि कठडा धड केला, तर दोन मजले चढणारे कितीतरी जण आपण होऊन तिकडे वळतील. दिवसभर बसून काम करणाऱ्यांना याची विशेष गरज आहे: दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१६ च्या एका विश्लेषणानुसार, दिवसाला आठ तासांहून अधिक बसण्यामुळे वाढणारा धोका भरून काढण्यासाठी रोज साधारण ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल लागते. एवढा वेळ एकत्र काढणे फार थोड्यांना जमेल. येता-जाता, जिन्यावर आणि जवळच्या कामांत तो वाटून घेतला तरच ते शक्य होईल.

संपादक महोदय, या कामी आपले वृत्तपत्र बरेच काही करू शकते. नवे रुग्णालय, नवे सरकारी कार्यालय किंवा नवे वाचनालय सुरू झाल्याची बातमी देताना तेथे वाहनतळ किती गाड्यांचा आहे हे छापले जाते. त्याबरोबर जवळच्या बसथांब्यापासून ते किती मिनिटे पायी अंतरावर आहे आणि वाटेत पदपथ आहे की नाही, हेही छापावे. चालण्याविषयीच्या लेखांसोबत खेळाच्या बुटांचे छायाचित्र देण्याऐवजी हातात पिशवी घेऊन निघालेल्या साध्या माणसाचे छायाचित्र द्यावे, म्हणजे आपणही यात आहोत असे वाचकाला वाटेल. आणि वाचकांना आवाहन करून ते रोज ओलांडत असलेल्या चौकांतील हिरव्या दिव्याचे सेकंद आणि रस्त्याची रुंदी मोजून मागवावी. आपण ती माहिती स्तंभाच्या रूपाने प्रसिद्ध केली, तर कोणत्या चौकात वेळ वाढवायला हवा, हे संबंधित अधिकाऱ्यांना आकड्यांनिशी दाखवता येईल. असा स्तंभ सुरू झाल्यास माझ्या घराजवळच्या चौकांची मोजणी करून मी ती पहिल्याच आठवड्यात आपल्याकडे पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट वाचक